तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि आपली ज्ञाती

श्रावण अमावास्येस बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर प्रांती बालगोपाळांचा तान्हा पोळा भरतो. मुले सजविलेला लाकडी नंदी ओढीत घरोघर जातात व बोजारा मिळवितात. ही चाल नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) पाडली, असे परंपरा सांगते. राजाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. पहिला नंदी तासणाऱ्या सुताराचे राहिले नाही.

लाकडाचा इतिहास असाच विरून जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली चाकांवरचे प्राणी सापडले, ते धातूचे होते म्हणून टिकले. त्या काळी कोणी पोरासाठी लाकडाचा बैल केला असेलच, तर त्याची माती झाली.

नंदी करणे वाटते तितके सोपे नव्हे. सागाचा ठोकळा घेऊन वाकसाने पाठ व वशिंड काढावयाचे, मग पटाशीने मान आणि तोंड. लाकडाची शीर अंगाच्या लांबीने ठेवली तर ती पायांत आडवी येते आणि पाय मोडतात. म्हणून जाणता कारागीर पाय जाड ठेवतो किंवा उभ्या शिरेचे वेगळे करून बसवितो; शिंगे तर बहुधा वेगळीच. खाली पाट व चाके. पाट केवळ ओढण्यासाठी नसतो, तो पायांस आधारही देतो. हे शहाणपण कोणत्या पोथीत नाही.

नांगर, वखर, तिफण यांच्या कामाबद्दल सुतारास सुगीत धान्य मिळे. पोरांचा नंदी त्या हिशेबात नसे. आमचे वडील पोळ्याच्या आधी रात्री कंदिलापाशी नंदी घडवीत आणि किंमत सांगत नसत. कोणा माउलीने सुपातून पसाभर ज्वारी आणली तर घेत. आम्हा भावंडांचा नंदी मात्र सर्वांत शेवटी होई, आणि तोही उरलेल्या लाकडाचा! असो.

आज बाजारात नंदी तयार मिळतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तोही कोणा कारागिराच्याच हातचा असतो. मात्र ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी आजोबा-पणजोबांनी केलेला नंदी अद्याप आहे, त्यांनी तो कोणी, कोणत्या गावी व कोणत्या मुलासाठी केला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे आणि पुढील स्मरणिकेसाठी मंडळाकडे पाठवावे.