अंजनीकाठी सत्यान्वेषी

लाक्षागृहातून निसटल्यावर पांडवांनी ज्या एकचक्रानगरीत ब्राह्मणवेषाने दिवस कंठिले ती नगरी म्हणजे खानदेशात अंजनी नदीच्या काठी वसलेले आमचे एरंडोलच, अशी या गावाची पिढीजात धारणा आहे, आणि पांडववाडा व पद्मालयाजवळचे भीमकुंड हे दोन साक्षीदार त्यासाठी आजही पुढे केले जातात. त्यामुळे १९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका सुरू होऊन तिचा सत्यान्वेषी, म्हणजे गुन्ह्यांचा शोध घेणारा, नायक पहिल्याच कथेत अतुल असे खोटे नाव धारण करून कलकत्त्याच्या एका मेसमध्ये बिऱ्हाडास आला, तेव्हा अज्ञातवासाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या गावास त्याचे विशेष नवल वाटले नाही. तसा तो परकाही नव्हता. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हे १९५२ साली मुंबईचा चित्रपटव्यवसाय सोडून पुण्यास स्थायिक झाले होते, म्हणजे त्याच्या उत्तरकालीन कथा मराठी मुलखातच लिहिल्या गेल्या. राजित कपूर यांच्या ब्योमकेशला पत्नी सत्यवती लाभली ती सुकन्या कुलकर्णी यांच्या रूपाने, म्हणून बायकामंडळी त्याला जावईच समजत. आणि गावाजवळून जाणारा हमरस्ता थेट कलकत्त्यास पोहोचतो, हे इथल्या कोणत्याही मालमोटारवाल्याला ठाऊक होते.

गुन्हा शोधण्याची विद्या मात्र खानदेशात त्याच्या कितीतरी आधीची. १८१८ साली हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला, त्यापूर्वीपासून आणि नंतरही कित्येक वर्षे चोराचा माग काढण्याचे काम गावच्या जागल्याकडे असे, आणि तो बहुधा भिल्ल असे. रात्री खळ्यावरून बैल गेले, की पहाटे दवाने मऊ झालेल्या काळ्या मातीतले पहिले स्वच्छ पाऊल तो पाटीखाली झाकून ठेवी, टाचेचा भार कोणत्या अंगाला पडला आहे, करंगळी दबली आहे की उचललेली, हे मनात ठसवून शिवेपर्यंत चालत जाई, आणि तेथे पुढील गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या स्वाधीन करी. ज्या गावच्या शिवारात माग हरवे त्या गावाने जाब द्यावा, असा दंडक होता. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली ती धरणगावी, आणि हे धरणगाव पुढे दीर्घकाळ एरंडोल तालुक्यातच मोडत होते. ज्यांची नावे सरकारी दप्तरात लुटारू म्हणून चढली होती त्यांच्याच हाती बंदोबस्त सोपविण्यात कंपनी सरकारची उदारता किती आणि नाइलाज किती, हा वादाचा प्रश्न आहे. माझे मत नाइलाजाकडे झुकते.

पुढे फौजदार आला, पंचनामा आला, जबान्या आल्या, आणि पावलाऐवजी कागद बोलू लागला. जाड्याभरड्या देशी कागदासाठी एरंडोल एके काळी नावाजलेले होते, परंतु रहस्यकथा आमच्याकडे आली ती मुंबईच्या कागदावर छापूनच: बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड दिवसाच्या भाड्याने मिळत आणि भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचले जात.

‘ब्योमकेश’ मात्र चोरून पाहण्याची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या धाब्याच्या घरात संच होता. धाब्यावर एक पोरगा अँटेना फिरवी, खालून ‘मुंग्या आल्या, मुंग्या आल्या’ असा पुकारा होई, आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफले सतरंजीवर साचत जात. ज्या रात्री रस्त्याने चालणाऱ्या माणसांच्या छातीत ग्रामोफोनची टाचणी शिरून मृत्यू येण्याची ती विलक्षण कथा लागली, त्या रात्री ‘हाऊच शे!’, म्हणजे हाच तो, असे म्हणत प्रत्येकाने निराळ्या इसमाकडे बोट दाखविले आणि उलगडा होण्यापूर्वीच वीज गेली. अंधारात अर्धा तास पंचायत बसली. कोपऱ्यात एक सेवानिवृत्त कोतवाल होते. मारेकऱ्याच्या चेहऱ्यात त्यांना रस नव्हता, शहरात सगळेच पायताण घालतात तर माग निघायचा कसा, एवढीच त्यांची शंका होती.

दुसऱ्या दिवशी जळगावहून एसटीने आलेल्या एका उतारूने जबानी दिली, की टाचणी सायकलच्या घंटीतून सुटत होती. पोरांनी आठवडाभर घंट्या वाजवून गल्ली हैराण केली. कोतवालांनी मात्र शांतपणे विचारले, ‘मग चाकाचा माग कोणी पाहिला नाही का?’

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखविली तेव्हा तो हुकलेला शेवट मी २७ वर्षांनी पाहिला. कोतवाल तोवर राहिले नव्हते; संचासमोर मी एकटाच होतो. सायकल पडद्यावर आली, घंटी वाजली, पण माझे डोळे घंटीवर न ठरता चाकाखालच्या रस्त्याकडे गेले.