काळ्या दगडावरची हजेरी

दिवाळी सरली, की धनगरांचे वाडे आमच्या गावावरून कोकणाकडे उतरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढरे आणि मागे पोरे. शाळेतील पाच-सहा मुले मग पावसाळा तोंडावर येईपर्यंत दिसत नाहीत. वीस वर्षांपूर्वी, मी नवा मास्तर असताना, अशाच एका मुलाच्या नावावर 'सतत गैरहजर' म्हणून लाल शाईची रेघ मारली आणि ते पटावरून कमी केले. पुढे विसरूनही गेलो. त्याची आठवण झाली ती थेट जॉर्डनच्या वाळवंटात!

अम्मानला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या हिवाळ्यात मला तिकडे बोलावले. एके दिवशी त्याच्या मोटारीतून आम्ही बगदादच्या रस्त्याने सफावीच्या बाजूस गेलो. वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, अशी माझी समजूत. येथे तर क्षितिजापर्यंत काळे धोंडे! आपल्या सह्याद्रीचा एखादा कडा फोडून कोणी पसरून ठेवावा तसे. दगडाची जातही तीच, थिजलेल्या लाव्ह्याची. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथला गेल्या अडीच कोटी वर्षांत निरनिराळ्या वेळी उसळलेला. अरब अशा प्रदेशास 'हर्रा' म्हणतात. सीरियापासून जॉर्डनमधून सौदी अरेबियापर्यंत हा हर्रा सुमारे ४० हजार चौरस किलोमीटर पसरला आहे.

धोंड्यांच्या कडेला, एका मोकळ्या सपाटीवर आम्ही तंबू ठोकला. ऊन कलल्यावर पुतण्याने हाक मारली, "काका, हे वाचा पाहू!" एका धोंड्यावरचे काळसर पुट खरवडून कोणी अक्षरे काढली होती.

ही सफाई लिपी. १८५७ मध्ये सिरिल ग्रॅहम या इंग्रज प्रवाशाने असे लेख प्रथम जगापुढे आणले आणि १९०१ मध्ये एन्नो लिटमान या जर्मन पंडिताने तिची सर्व २८ अक्षरे उलगडली. आजवर असे तीस हजारांहून अधिक लेख नोंदले गेले आहेत. ते साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे सातवाहनांचे राज्य होते तो काळ.

परंतु सातवाहनांचे लेख राजांचे, दानशूरांचे. हे लेख उंट आणि शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचे! त्यांना ना शाळा, ना मास्तर. कळप चरत असता वेळ जाण्यासाठी ते एकमेकांपासून अक्षरे शिकले असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आरंभी 'ल', म्हणजे 'याचे'. हे अक्षर बहुधा नुसती एक उभी रेघ. मग स्वतःचे नाव, बापाचे, आजोबांचे, कधी कधी आठ-दहा पिढ्यांचे. पुढे एखादी ओळ. कोणी येथे मुक्काम केला, कोणी पावसाची वाट पाहिली, कोणी अल्लात देवीपाशी सुखरूपपणा मागितला. एखाद्याला वाटेत गेलेल्या सोबत्याचे अक्षर दिसले आणि त्याने शेजारी आपला शोक कोरून ठेवला. आणि पुष्कळ लेखांच्या शेवटी शाप आहे. जो हे लिहिलेले पुसेल, तो आंधळा होवो!

पुतण्या हे हसत हसत सांगत होता. मला मात्र हसू आले नाही.

रात्री थंडी कडाक्याची पडली. तंबूबाहेर शेकोटीशी बसलो. इतिहास म्हणून आजवर मी मुलांना राजे, तह आणि लढाया शिकवल्या. फिरत्या माणसांना इतिहास नसतो, असे कधी म्हणालो नाही. परंतु तसेच वागलो. येथे त्या फिरत्या माणसांनी आपली हजेरी स्वतःच लावली होती आणि दगडाने ती दोन हजार वर्षे सांभाळली. तेथे त्यांचे नाव रेघेने सुरू होत होते. मी रेघेने एक नाव संपवले होते.

तो मुलगा आता तिशीचा असेल. यंदा वाडे उतरतील, तेव्हा मी रस्त्यावर उभा राहून त्याची चौकशी करणार आहे. त्याचे नाव मला आठवते, बापाचेही आठवते. आजोबांचे विचारून घ्यायचे आहे.