समुद्राचं गाळणं

लग्न होऊन मी बेळगावला आले तेव्हा सासरच्या परसात विहीर होती. घरात नळ होता, पण पिण्याचं पाणी सासूबाई विहिरीचंच भरायच्या. घागरीच्या तोंडावर दुहेरी सुती कापड घालून पाणी गाळून घ्यायचं, ही रीत माझ्या माहेरीही होती. त्याच्या पुढची गोष्ट मात्र मी सासरीच पहिल्यांदा बघितली. पाणी गाळून झालं की सासूबाई ते गाळणं पिळत नसत. ते उलटं धरून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतायच्या, खाली पडणारं पाणी एका लहान बादलीत घ्यायच्या आणि ती बादली विहिरीत सोडायच्या. त्या बादलीच्या बुडालाही एक कडी होती, तिला वेगळी दोरी. बादली पाण्याला टेकली की ती दोरी ओढायची, म्हणजे बादली अलगद कलंडायची. उंचावरून पाणी आदळायचं नाही. याला आमच्याकडे जिवाणी म्हणतात. गाळण्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे.

मी तेव्हा इतिहास घेऊन बी. ए. झालेली, थोडी शहाणी. "एवढ्याशा पाण्यासाठी एवढा खटाटोप?" असं मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "गाळायला काय गं, कुणीही गाळतं. परत सोडायचं ते काम."

पुढं वाचताना कळलं की ही काही आमच्याच घराची लहर नव्हती. तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' या श्रावकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात पाणी न गाळणं हा जसा दोष सांगितला आहे, तसाच गाळून उरलेलं दुसऱ्याच पाणवठ्यात टाकणं हाही दोष सांगितला आहे. म्हणजे आपल्याला नको असलेलं कुठं जातं, याचा हिशेब सातशे-आठशे वर्षांपूर्वी घरातल्या माणसाकडं मागितला होता.

हे सगळं इतक्या वर्षांनी आठवायला कारण झालं एक रेशमी कापड. तेही गाळण्याचंच, पण समुद्राचं.

सर ॲलिस्टर हार्डी नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. समुद्रात वरच्या थरात तरंगणारे बारीक जीव, ज्यांना प्लवक म्हणतात, ते कुठं किती आहेत हे त्यांना मोजायचं होतं. कारण मासे त्यांच्यावर जगतात. त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवलं. जहाजाच्या मागं दोरखंडानं बांधून ते ओढायचं; त्याच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि रेशमाच्या पट्टीतून गाळून बाहेर पडतं. पट्टी हळूहळू गुंडाळत जाते आणि औषधी द्रवात टिकून राहते. १९३१ पासून उत्तर समुद्रात हे काम नियमानं सुरू झालं. त्यासाठी खास जहाजं नव्हती. माल नेणारी नेहमीची जहाजंच जाता जाता हे यंत्र ओढत न्यायची, अजूनही नेतात. वापरून झालेल्या त्या पट्ट्या फेकून न देता जपून ठेवल्या गेल्या. आपल्याकडं जुन्या वह्या बासनात बांधून ठेवतात, तसा तो समुद्राचा दप्तरखाना म्हणायचा.

आता योगायोग बघा. हे काम सुरू झालं त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ साली, इंग्लंडमधल्याच एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोग करताना भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. प्लॅस्टिक त्याआधीही होतं. बेकलंड यांनी १९०७ सालीच बेकलाइट शोधलं होतं, आपल्या जुन्या विजेच्या बटणांचं काळं प्लॅस्टिक ते. पण ते कडक आणि टिकवून वापरायचं. पॉलिथिन मऊ, हलकं, पाणी न शोषणारं. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामाला आलं. युद्ध संपलं. मग युद्धासाठी वाढवलेल्या या मालाला गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते सापडलं स्वयंपाकघरात.

१९५५ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकानं एक छायाचित्र छापलं. आई, वडील आणि मूल हात वर करून उभे आहेत आणि हवेत ताटल्या, पेले, चमचे उडताहेत, सगळे एकदा वापरून टाकायचे. मजकूर असा की, या वस्तू धुवायच्या झाल्या तर चाळीस तास लागले असते, पण आता गृहिणीला ती काळजी नको. आज हे चित्र कचऱ्याच्या इतिहासात हमखास दाखवतात आणि लोक त्या कुटुंबाला हसतात. मला हसू येत नाही. चाळीस तास भांडी घासणं म्हणजे काय, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? जाहिरातवाल्यांनी बाईचं खरं दुखणं ओळखलं होतं. औषध मात्र असं दिलं की दुखणं दुसऱ्याच्या दारात जावं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ साली, आइसलँडच्या बाजूला हार्डींच्या यंत्रात एक दोरा अडकला. मासेमारीच्या जाळ्याचा, प्लॅस्टिकचा. त्या वेळी कुणाला त्याचं विशेष वाटलं नसणार. यंत्र बंद पडलं म्हणून कारण नोंदवलं, एवढंच. १९६५ साली आयर्लंडच्या वायव्येला यंत्रात एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. आपण भाजी आणतो ती बंद असलेली, एकसंध पिशवी काढणाऱ्या स्वीडनच्या कंपनीला अमेरिकेत पेटंट मिळालं तेही १९६५ सालीच. आयर्लंडची पिशवी त्या जातीची होती असं मी म्हणत नाही. पण पिशवी घराघरात पोचायच्या आधीच समुद्रात पोचली होती, एवढं त्या नोंदवहीवरून दिसतं.

आमच्या घरात ती पोचली त्याच्या बऱ्याच नंतर. माझ्या लहानपणी वाणसामान कागदाच्या पुड्यांतून यायचं. पुडीचा दोरा आई सोडवून रिळाला गुंडाळायची, कागद चुलीत जायचा. जेवणावळीत पत्रावळी आणि द्रोण, ते गुरांपुढं किंवा उकिरड्यात. राख भांड्यांना, करवंटी बंबात, जुनं लुगडं आधी गोधडीत आणि मग पायपुसण्यात. 'कचरा' म्हणून उरायचं ते सुपभर. त्या काळाचं मी गुणगान करणार नाही, कारण ते सगळं सोडवणं, गुंडाळणं, घासणं बायकांच्याच हातांनी व्हायचं. मग दुधाची पिशवी आली, तेलाचं पाकीट आलं, एक रुपयाची शाम्पूची पुडी आली. सासूबाईंनीही दुधाच्या पिशव्या पहिल्यांदा धुऊन, वाळवून, घडी करून ठेवल्या. पन्नासेक साठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यांचं पुढं काहीच होत नाही. गुरं खात नाहीत (खरं तर खातात आणि मरतात), चुलीत घातल्या तर घाण वास, खतात घातल्या तर तशाच निघतात. एक दिवस त्यांनी त्या सगळ्या कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकल्या. "परत सोडायला याला विहीरच नाही," असं काहीतरी पुटपुटल्या. मी ते तेव्हा कानाआड केलं.

तिकडं समुद्रावर गाळण्याचं काम चालूच होतं. १९७१ मध्ये एडवर्ड कार्पेंटर नावाचे शास्त्रज्ञ अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात शेवाळ गोळा करत होते. पृष्ठभागावरून जाळी ओढली की शेवाळाबरोबर पांढरे बारीक कण येत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजले. सरासरी एका चौरस किलोमीटरला सुमारे ३,५०० तुकडे, तेही किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर. १९७२ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं आणि प्लॅस्टिक वाढेल तसे हे कणही वाढतील असा इशारा त्यातच दिला होता. पुढच्याच वर्षी, १९७३ ला, शीतपेयांसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीचं पेटंट मिळालं. इशारा कोपऱ्यात राहिला, बाटली जगभर गेली.

१९९७ मध्ये चार्ल्स मूर हे नावाडी हवाईहून कॅलिफोर्नियाला परत येताना प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागातून गेले आणि दिवसचे दिवस त्यांना तरंगणारं प्लॅस्टिक दिसत राहिलं. १९९९ मध्ये जाळी घेऊन ते पुन्हा तिथं गेले. जाळीत आलेलं प्लॅस्टिक वजनानं प्लवकाच्या सहापट भरलं.

आणि मग २००४ साली कुणीतरी हार्डींचा दप्तरखाना उघडला. रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासूनच्या जपलेल्या रेशमी पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. ज्या पट्ट्या जीव मोजायला वापरल्या होत्या, त्यांच्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू आणि कण निघाले. साठ-सत्तरच्या दशकांपेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकांत कितीतरी जास्त. 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द आज शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, तो रूढ झाला या लेखापासून. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला यात मोठं वाटतं ते असं, की त्या पट्ट्या कुणी 'झालं काम' म्हणून टाकल्या असत्या तर हा पुरावाच उरला नसता. टाकण्याचा इतिहास जपून ठेवणाऱ्यांमुळं कळला.

पुढचे आकडे आता सर्वांच्या कानावर असतात, तरी एकदा सांगते. १९५० पासून २०१५ पर्यंत जगानं सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं. त्यातलं सुमारे ६३० कोटी टन कचरा झालं. त्या कचऱ्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं, १२ टक्के जाळलं गेलं, बाकीचं ७९ टक्के डेपोत नाहीतर उघड्यावर. २०१० या एका वर्षात किनारा असलेल्या देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता कुणी म्हणेल, बेळगावला समुद्र कुठं आहे? आमच्या शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. शहराचं सांडपाणी नाल्यांतून पुन्हा मार्कंडेयीलाच जाऊन मिळतं. मार्कंडेय गोकाकच्या बाजूला घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. दुसऱ्या बाजूला, आमच्याच जिल्ह्यात खानापूरच्या डोंगरात उगवलेली म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना. वाटेत धरणं आहेत, झुडपं आहेत, काटेरी कुंपणं आहेत. आमची प्रत्येक पिशवी समुद्रापर्यंत पोचते असं नाही. पण निघते ती त्याच वाटेनं. ज्या पाणवठ्यातलं पाणी प्यायचं, त्यातच परत सोडायचं, हा आशाधरांचा नियम आम्ही असा उलटा पाळतो आहोत.

कायदे झाले. कर्नाटकात २०१६ ला बंदी आली, महाराष्ट्रात २०१८ ला, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर. तरीही भाजीवाली विचारते, "पिशवी देऊ काय?" आणि घाईत असलं की मीही हात पुढं करते.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. आमच्या महिला मंडळात वीसेक वर्षांपूर्वी, महावीर जयंतीच्या जेवणाला प्लॅस्टिकचे पेले आणायची सूचना माझी होती. चारशे माणसांचे स्टीलचे पेले धुऊन आमच्या कंबरा मोडायच्या. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मला दुवा दिला. पाणी रीतीप्रमाणं गाळलेलं असायचं, दुहेरी कापडातून. ते प्यायचं प्लॅस्टिकच्या पेल्यातून, आणि पेला मांडवामागच्या गटारात. इतकी वर्षं यातलं विसंगत काही मला दिसलं नाही.

गेल्या वर्षी मी बैठकीत स्टीलचे पेले परत आणू या म्हटलं. एक आक्का चटकन म्हणाल्या, "आणू की. धुणार कोण ते सांग आधी." त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण 'लाइफ'मधलं ते चित्र याच प्रश्नावर उभं होतं. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की पेले धुण्याची पाळी पुरुष मंडळींनी आणि पोरांनी घ्यायची, नाहीतर प्लॅस्टिक आहेच. निरोप घेऊन मीच गेले. थोडी कुरकुर झाली, पण जयंतीच्या दिवशी आमचे हे आणि आणखी सात-आठ जण धोतराचे सोगे खोचून टाकीपाशी बसले. पेले नीट निघाले नाहीत, चाळीसेक आम्हाला परत धुवावे लागले.

यंदाची पाळी कुणाची, यावरून आत्तापासूनच भांडण चालू आहे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, भांडू देत, परत सोडायचं ते काम.