पाळी जाण्याच्या दुखण्याचा इतिहास



कामगार चळवळीतल्या माणसाने बायकांची पाळी जाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. जे थोडेफार वाचले, ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम उरकल्यावर. पण ज्या दुखण्याने रात्रीची झोप उडते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात आणि तरी सकाळी कामावर जावेच लागते, ते श्रमाच्या इतिहासाबाहेरचे कसे मानावे?

या अवस्थेला १८२१ साली गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने 'मेनोपॉज' हे नाव दिले. नाव मिळाले, पण उपयोगी औषधासाठी शंभरावर वर्षे जावी लागली. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इस्ट्रोजेन वर्गातले एक संप्रेरक गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून वेगळे काढले. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून केलेली 'प्रेमारिन' ही गोळी विक्रीस आली.

पुढे औषधाचा व्यापार झाला. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहून पाळी जाणे हा उणिवेचा रोग ठरविला आणि गोळीने तारुण्य टिकते, असे सांगितले. त्यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचे पैसे मिळत होते, हे मागाहून उघड झाले. १९७५ साली दोन शोधनिबंधांनी दाखविले की, नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे, त्यांना जोडीला दुसरे संप्रेरक देण्याची रीत पडली.

२००२ साली अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवर चाललेला या जोड-औषधाचा प्रयोग मध्येच थांबविण्यात आला. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाचा कर्करोग ३० जणींना होत असे, तो औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना झाला. जगभर घबराट झाली आणि लाखो स्त्रियांचे औषध सुटले. पण त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, इकडे कोणी फारसे पाहिले नाही. साठीच्या आत औषध सुरू करणाऱ्या बहुतेक निरोगी स्त्रियांना त्यापासून हानीहून लाभ अधिक, हे पुढे ध्यानात आले. आधी सरसकट द्या, मग सरसकट बंद करा. समोरच्या बाईचे वय काय, तिची पिशवी आहे की काढली, हे विचारायचे राहून गेले.

आता आपल्या घरचे पाहू. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा बोभाटा झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांतली एक. त्यांत कितीतरी चाळिशीच्या आतल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. पाळीच्या दिवसांत घरी राहावे तर खाडा पडतो. अशा हिशेबात पिशवी जड होते.

पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याची सारी दुखणी एका रात्रीत येतात, आणि पुढे हाडांचा व हृदयाचा धोका वाढतो. अशा तरुण बाईला, काही अडसर नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे आजचे वैद्यक सांगते. पिशवी नसल्यामुळे तिला दुसऱ्या संप्रेरकाची सहसा गरजही नसते. सर्वांत सरळ उपचार जिला लागू, तिच्यापर्यंतच तो पोचत नाही!

एका फडावर चौतिशीची एक बाई आम्हाला भेटली. रात्री घामाने अंथरूण भिजते, म्हणत होती. बीजकोश काढले का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "दादा, काय काढलं ते डाक्टरलाच म्हाईत." तिच्यापाशी शस्त्रक्रियेचा एक कागदही नव्हता. आणि कागदावाचून कोणता डॉक्टर तिला औषध ठरवून देणार?

म्हणून आमची मागणी लहान आहे. काय काढले, याचा मराठीत लिहिलेला कागद प्रत्येक बाईच्या हाती द्यावा. तालुक्याच्या दवाखान्यात तिची तपासणी व्हावी. आणि दुखण्याच्या दिवसाचा खाडा बंद व्हावा. या सभेतील ज्यांच्या घरी साखर येते, त्या सर्वांनी या मागणीवर सही करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.