बोटांनी वाचलेला पैसा

विदर्भात ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले की पहिले नाव निघते ते गुलाबराव महाराजांचे. जन्म १८८१ सालचा. दृष्टी पहिल्या वर्षातच गेलेली. आणि १९१५ साली पुण्यात देह ठेवला तोवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचून झालेले. हे विशेषण महाभारताने धृतराष्ट्रालाही दिले आहे. शब्द गौरवाचा खरा, पण तो बरेच काही झाकतो. महाराजांचे वाचन म्हणजे दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवणे आणि लेखन म्हणजे दुसऱ्याने उतरून घेणे. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल ठरली ती १९५१ साली.

ग्रंथांविषयी आपण बोलतो. न दिसणाऱ्या माणसाच्या संसाराविषयी फारसे बोलत नाही. नागपुरातल्या कुठल्याही अशा घरात मिसळणाच्या डब्यातील वाट्यांची जागा ठरलेली असते, दूध ऊतू येणार हे आवाजावरून कळते, आणि सांभार की पालक याचा निवाडा नाक करते. ही विद्या घरातल्या घरात राहते, म्हणून तिचा इतिहास सापडत नाही. सापडतो तो घर आणि बाजार यांच्या मधल्या एका वस्तूचा: पैशाचा.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. पाच पैशांचे नाणे चौकोनी, दोन आणि दहा पैशांची नागमोडी कडेची, पुढे १९६४ चे तीन पैसे षटकोनी. भाजीवाल्याने परत दिलेली मोड खिशातल्या खिशात मोजता येई. ही सोय अंधांसाठी योजलेली होती असा माझा दावा नाही; पण तिचा लाभ त्यांना झाला. नंतर चलनवाढीने ही चिल्लर संपवली. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर कायद्याने बाद झाली. दोन रुपयांचे अकरा कडांचे नाणे जाऊन २००५ च्या सुमारास गोल नाणे आले, तेव्हा ते रुपयापासून वेगळे ओळखता येत नाही अशी दृष्टिहीनांची तक्रार होती.

नोटांची गोष्ट अधिक बोचरी आहे. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, हजाराची १७७. प्रत्येक पायरी एका सेंटिमीटरची. नोट बोटांमध्ये धरून लांबी जोखण्याची सवय वर्षानुवर्षे मुरलेली. नोव्हेंबर २०१६ पासून नवी मालिका आली आणि क्रमाने शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५० अशी मापे झाली. आता पायरी चार मिलिमीटरांची. उठावाच्या खुणा आहेत (शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ), पण हाताळून मळलेल्या नोटेवर त्या झिजतात. ज्यांना दिसत होते ते त्या दिवसांत रांगेत ताटकळले, हे आपल्याला आठवते. ज्यांच्या बोटांची अक्षरओळखच पुसली गेली त्यांच्याविषयी मराठीत कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

घरांनी आपला तोडगा चालूच ठेवला: शंभराची एक घडी, पाचशेच्या दोन, दोनशेची आडवी. मात्र पहिली घडी घालताना कोणाला तरी विचारावे लागतेच. २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत मोठ्याने वाचून दाखवते.