टच पॅनेल बदलल्यावर जुना प्रकल्प परत कसा येतो?

कारखान्यातील यंत्राचे टच पॅनेल बंद पडले, की यंत्र धडधाकट असूनही उत्पादन थांबते. नवे पॅनेल बाजारात मिळते. मात्र ते कोरे असते. पडद्यावरील चित्रे, बटणे, धोक्याचे इशारे यांपैकी काहीच त्यात नसते. हा सारा ऐवज म्हणजे पॅनेलचा 'प्रकल्प'. यंत्राचे प्रत्यक्ष नियंत्रण पीएलसीकडे असते आणि त्याचा प्रोग्राम वेगळा असतो. त्यामुळे पीएलसीची प्रत घेतली म्हणजे पॅनेलचीही झाली, असे समजून स्वस्थ बसणे महागात पडते.

प्रकल्प दोन रूपांत असतो. एक, अभियंत्याच्या संगणकावरील मूळ फाइल. तीत हवे ते बदल करता येतात. दुसरी, पॅनेलमधून काढलेली राखीव प्रत. सीमेन्सच्या पॅनेलसाठी ही प्रत 'प्रोसेव्ह' या सॉफ्टवेअरने काढतात. ती तशीच्या तशी परत भरता येते, पण उघडून एखादे बटण बदलायचे म्हटले तर उपयोगी पडत नाही. मूळ फाइल बहुधा यंत्र बनवणाऱ्याकडेच राहते. यंत्र विकत घेतानाच ती मागून घेणे शहाणपणाचे. पुढे ती मिळेलच याची खात्री नसते.

प्रत परत भरण्यासाठी नवे पॅनेल त्याच प्रकारचे असावे लागते. संगणक केबलने जोडायचा, पॅनेलमध्ये 'ट्रान्सफर'ची वाट खुली करायची, प्रोसेव्हमध्ये पॅनेलचा प्रकार व जोडणी निवडायची आणि 'रिस्टोअर'ची आज्ञा द्यायची. पूर्ण प्रत भरताना पॅनेलमधील आधीची सर्व माहिती पुसली जाते. त्यात परवान्याच्या कळाही आल्या. त्या आधीच बाहेर काढून ठेवाव्या लागतात. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली, तर पॅनेलची कार्यप्रणालीच नाहीशी होऊ शकते व ती प्रथम नव्याने टाकावी लागते. भारनियमनाच्या वेळी हे काम हाती न घेतलेलेच बरे.

सीमेन्सच्या कम्फर्ट पॅनेलमध्ये सिस्टिम कार्डाची सोय आहे. स्वयंचलित प्रत चालू ठेवलेली असल्यास ते कार्ड त्याच प्रकारच्या नव्या पॅनेलमध्ये घालून संगणकाविना काम भागते.

खरा धोका मात्र पडदा उजळल्यानंतरचा आहे. पूर्ण प्रतीत 'रेसिपी', म्हणजे प्रत्येक उत्पादनासाठी ठरवलेली तापमान, वजन, वेग यांची मापे आणि वापरकर्त्यांचे पासवर्डही येतात. ते सारे प्रत घेतली त्या दिवसाचे असतात. प्रत दोन वर्षांपूर्वीची असेल, तर मधल्या काळात सुधारलेली मापे जातात आणि जुनी मुकाट्याने परत येतात. पडदा नेहमीसारखाच दिसत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. कंपनी सोडून गेलेल्याचा पासवर्डही पुन्हा चालू होतो. औषधे किंवा खाद्यपदार्थ बनवणाऱ्या यंत्रावर ही चूक संपूर्ण घाणीला भोवू शकते.

प्रोसेव्हमध्ये केवळ रेसिपी किंवा केवळ वापरकर्त्यांची माहिती वेगळी जतन करता येते. मापे बदलली, की रेसिपीची नवी प्रत घेऊन तिच्यावर तारीख घालावी. पॅनेल बदलल्यावर रेसिपीतील प्रत्येक आकडा कागदावरील मंजूर नोंदीशी ताडून पाहावा आणि पहिली फेरी कच्च्या मालाविना घ्यावी.