रिक्सिया : साधेपणा आरंभींचा कीं अखेरचा ?

आषाढसरी लागल्या कीं खानदेशांत जुन्या भिंतींच्या पायथ्याशीं व नद्यांच्या थडीला हिरवा लेप चढूं लागतो. भडगांवीं गिरणेच्या कांठीं तो दिसला, तर शेवाळ म्हणून ओलांडून जाण्याचीच रीत आहे. परंतु त्यांत एखादी रुपयाएवढी चकती असेल आणि तिचा प्रत्येक फांटा टोंकाशीं पुनः दुभंगलेला असेल, तर ती बहुधा रिक्सिया होय.

यकृतका या वनस्पतिवर्गांतील या वंशाला फ्लॉरेन्सच्या मिकेली नामक शास्त्रज्ञानें १७२९ सालीं रिच्ची नांवाच्या सिनेटराचें नांव दिलें. आज त्याच्या दीडशेंवर जाति ज्ञात असून त्या बहुतेक सर्व खंडांत आढळतात. कांहीं तर तळ्यांत तरंगतात. मूळ, खोड, पान यांपैकीं रिक्सियेला कांहींच नाहीं. तिचें चपटें अंग केसासारख्या तंतूंनीं मातीला धरून राहतें. स्त्री व पुं इंद्रियें अंगाच्या वरच्या पन्हळींत रुतलेलीं असतात, आणि पुंबीज पावसाच्या पाण्यांतून पोहत स्त्रीबीजापर्यंत जातें. त्यापासून जो कोश होतो त्यांत बीजुकें, म्हणजे पुढच्या पिढीचे सूक्ष्म कण, तयार होतात. या कोशाला दांडा नाहीं, बीजुकें उधळणारे तंतूही नाहींत. अंग कुजेल तेव्हांच बीजुकें मोकळीं व्हावयाचीं ! जुना भाग कुजत फांट्यापर्यंत पोंचला म्हणजे एका रोपाचीं दोन होतात, तो प्रकार निराळाच.

इतकी दरिद्री रचना पाहून, भूमीवरील वनस्पतींची ही पहिलीच पायरी असें पुष्कळ पंडितांनीं ठरविलें. ग्लासगोचे प्राध्यापक बॉवर यांचें १९०८ सालचें प्रतिपादन याच दिशेचें होतें. लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांना तें पटलें नाहीं. हिमालयांत हिंडून त्यांनीं यकृतकांचे नवे वंश शोधले, आणि दांडे व हवेच्या पोकळ्या टप्प्याटप्प्यानें कशा लोपत गेल्या याची मालिकाच मांडली. त्यांच्या मतें रिक्सिया ही घराण्याची मूळ पुरुष नव्हे, पूर्वजांची संपत्ति टाकून दिलेली वंशज होय. या मताचे विद्वान् जर्मनींतही होते, हें सांगितलें पाहिजे. तथापि कश्यपांनीं पुरावा आपल्या डोंगरांतून आणला. त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ सालीं दोन भागांत निघाला, आणि १९३४ सालीं ते वारले.

पुढें पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊं लागली, तेव्हां रिक्सियेचें स्थान वंशवृक्षाच्या बुंध्याशीं नव्हे, तर गुंतागुंतीच्या रचनेच्या यकृतकांमध्येंच, बऱ्याच उशिरां फुटलेल्या फांदीवर आढळलें. महाविद्यालयांतील पाठ मात्र अजूनही बहुधा रिक्सियेपासूनच सुरू होतो, कारण ती शिकवावयास सोपी पडते.